पोलीस भरतीच्या धावण्याचा कठीण सराव रोज करण्यासाठी मनाची तयारी कशी टिकवावी?

तुम्ही लिहिले आहे की दिवसभर अभ्यासिकेत बसून संध्याकाळी पाच वाजता मैदानावर गेल्यानंतर १६०० मीटरच्या तिसऱ्या फेरीत मन कच खाते, प्रेरणादायी व्हिडिओंचा परिणाम दोन दिवसांत ओसरतो, आणि अकॅडमीचे सर सांगतात की घरच्यांचे कष्ट डोळ्यांसमोर आणले की पाय आपोआप पळू लागतात. मी भरतीतूनच पोलीस दलात आले आहे, आणि सरांच्या सल्ल्याचे ते वाक्य वाचल्यामुळेच हे उत्तर लिहायला बसले आहे. तो सल्ला चुकीचा आहे, आणि तो देणाऱ्यांची संख्या आपल्याकडे फार मोठी आहे.

आधी तुमच्या तिसऱ्या फेरीविषयी. आतापर्यंतच्या गुणतक्त्याप्रमाणे मुलांना २० पैकी २० गुण ५ मिनिटे १० सेकंदांत १६०० मीटर धावल्यावर मिळतात, म्हणजे ४०० मीटरच्या प्रत्येक फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद येतात. मैदानावर उभे राहून पाहिले तर बहुतेक मुले घोळक्याबरोबर पहिली फेरी सत्तरच्या आत काढतात आणि तिसऱ्या फेरीत पंचाऐंशीच्या पुढे जातात. त्या वेळी छातीत जी आग होते तिला मनाचा दुबळेपणा म्हणणे हा मनावर अन्याय आहे, कारण पहिल्या फेरीत शरीराने जी उधळपट्टी केली तिचाच हिशेब मन तुमच्यापुढे ठेवत असते. आम्हा मुलींना ८०० मीटर असतात आणि पूर्ण गुणांसाठी २ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे फेरीला पंचाऐंशी सेकंद. तुमची तिसरी फेरी आमच्याकडे दुसऱ्या फेरीच्या पहिल्या वळणावर येते.

मी ज्या अकॅडमीत होते तिथे दर शनिवारी चाचणी होत असे. चाचणी संपली की सर सगळ्यांना रांगेत बसवत, शेवटी आलेल्यांना पुढे उभे करत आणि प्रत्येकाच्या घरची परिस्थिती सर्वांसमोर बोलून दाखवत. माझी आई रोजंदारीवर खुरपणीला आणि ऊसलावणीला जात असे, हे त्यांना प्रवेश घेतानाच कळले होते. "पळताना आईच्या हातांवरच्या भेगा आठव," असे ते मला सांगत, आणि मी प्रामाणिकपणे तसे करत असे. पहिले तीनशे मीटर पाय खरोखर उचलत. त्यानंतर जे व्हायचे ते या सल्ल्याचे समर्थन करणारा कोणीही सांगत नाही: आई डोळ्यांसमोर आली की गळा दाटतो, गळा दाटला की श्वास आखूड होतो, आणि आखूड श्वासावर पुढचे पाचशे मीटर निघत नाहीत. वेळ खराब आली की त्या वेळेबरोबर आईलाही फसवल्याची भावना घेऊन खोलीवर जायचे, रात्री झोप लागायची नाही, आणि सोमवारी मैदानाकडे जाताना पाय मागे ओढायचे. तुम्ही ज्याला प्रेरणा संपणे म्हणता ते माझ्या अनुभवात बहुतेक वेळा असेच घडलेले असते.

माझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीचे वडील लहानपणीच वारले होते. तिच्यासाठी सरांनी वडिलांचा विषय निवडला. ती आमच्यात सर्वांत सहज धावणारी मुलगी होती, आणि एका शनिवारनंतर ती घरी गेली ती परत आली नाही. ती कमकुवत होती असे अकॅडमीत सांगितले गेले. मला ते तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही मान्य नाही.

सुट्टीत गावी गेले असताना माझे मामा, जे लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, मला पाझर तलावाच्या बांधावर घेऊन गेले. त्यांनी टेपने मोजून शंभर-शंभर मीटरवर चुन्याच्या खुणा केल्या आणि हातात घड्याळ घेऊन दोनशेच्या खुणेवर उभे राहिले. तिथे बेचाळीस सेकंदांच्या आधी पोहोचले तर ते मला थांबवत आणि म्हणत, "लवकर आलीस. परत पहिल्यापासून." माझ्या आयुष्यात जोरात पळाल्याबद्दल मला कोणी थांबवण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांनी घरची गोष्ट एकदाही काढली नाही, आवाज चढवला नाही, आणि शाबासकीही क्वचितच दिली. परंतु काही आठवड्यांत घड्याळ न पाहता बेचाळीस सेकंदांची चाल पायांना कळू लागली. दुसऱ्या फेरीच्या पहिल्या वळणावर दम लागत असे, पण ती आता ओळखीची जागा झाली होती आणि तिथून पुढे काय करायचे हे ठरलेले होते: नजर पुढच्या चुन्याच्या खुणेवर, खांदे खाली, श्वास लांब सोडायचा. आठवड्यातून दोनच दिवस कठीण सराव, मध्ये एक दिवस पूर्ण विश्रांती आणि बाकीचे दिवस बोलता बोलता पळता येईल इतक्या संथ चालीने. तुमच्या प्रश्नात "रोज" हा शब्द आहे, त्याला माझा पहिला आक्षेप आहे. रोज जीव तोडून पळणाऱ्याचे मन काही दिवसांनी नकार देऊ लागले, तर ते मन शहाणे आहे असे मी समजते.

माझी निवड झाल्यावर अकॅडमीने सत्कार ठेवला. सरांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितले की आईच्या कष्टांनीच हिला पळवले. आई पहिल्या रांगेत बसली होती आणि आपल्या दारिद्र्याचे वर्णन इतक्या लोकांसमोर ऐकताना तिने पदर सावरून मान खाली घातली, हे मला अजून सहन होत नाही. आई रोजंदारीवर जात होती, ती केविलवाणी नव्हती. माझी बोलण्याची वेळ आली तेव्हा मी बांध, चुन्याच्या खुणा आणि बेचाळीस सेकंद एवढेच सांगितले. सर नंतर म्हणाले की मी अपवाद आहे आणि गरिबाच्या मुलांना आठवण करून दिल्याशिवाय ती पळत नाहीत. भेट झाली की आमचा हा वाद अजूनही होतो.

त्या वादात ते नेहमी धावपटू अविनाश साबळे यांचे नाव घेतात. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्यांचे गाव, आईवडील वीटभट्टीवर काम करणारे, शाळा सहा किलोमीटर दूर. हे सगळे खरे आहे. परंतु शाळेसाठी मैलोनमैल चालणारी मुले त्या भागात घरोघरी होती आणि आहेत. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये गेले, लष्करात त्यांची धाव हेरली गेली, आणि प्रशिक्षक, आहार, विश्रांती व ठरलेला सराव मिळाल्यावर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक मिळवले. सुवर्ण केवळ ०.०५ सेकंदाने हुकले. गरिबीने त्यांना चिवट केले असेल, पण अडथळ्यांवरून त्या वेगाने धावायला शिकवले ते सरावाने. हा भेद न करणारा माणूस प्रशिक्षक म्हणवून घेण्यास पात्र नाही.

तुमच्या दिनक्रमातली एक गोष्ट मात्र आजच बदलण्यासारखी आहे. २००९ मध्ये संशोधक सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा जणांना ९० मिनिटे एकाग्रतेचे कंटाळवाणे काम दिले आणि मग दमेपर्यंत सायकल चालवायला सांगितले. त्या सोळा जणांनी सरासरी ६४० सेकंदांत हार मानली. निवांत माहितीपट पाहून आल्यावर तेच लोक ७५४ सेकंद टिकले होते. हृदयाच्या आणि स्नायूंच्या मोजमापांत त्याचे कारण सापडले नाही, श्रम मात्र त्यांना सुरुवातीपासूनच जास्त वाटत होते. तुम्ही दिवसभर गणित आणि बुद्धिमत्ता सोडवून संध्याकाळी पाचला कठीण सरावाला जाता. तो सराव पहाटे, अभ्यासाच्या आधी करा आणि संध्याकाळी फक्त संथ पळा. मार्कोरा यांचा सहभाग असलेल्या २०१४ च्या दुसऱ्या प्रयोगात स्वतःशी बोलायची वाक्ये निवडून दोन आठवडे वापरणाऱ्यांचा टिकाव १८ टक्क्यांनी वाढला होता. तुम्हीही दोन-तीन वाक्ये ठरवा, पण ती धावण्याविषयी असू द्या. "खांदे खाली, पुढची खूण" एवढे पुरते. त्यात आईवडिलांना आणू नका.

हे सांगितल्यावर काही गोष्टी जोडणे भाग आहे. झोप आणि जेवण व्यवस्थित असूनही संथ चालीतच धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. मुलींनी तर ते नक्कीच तपासावे. नडगीत एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर त्यावर मनोबलाने मात करायची नसते, डॉक्टरांकडे जायचे असते. गुणतक्ता जाहिरातीनुसार बदलू शकतो, म्हणून तो तुमच्या भरतीच्या जाहिरातीतच पाहा. ज्यांना घरच्यांच्या आठवणीने खरोखर बळ येते अशी माणसेही मी पाहिली आहेत. परंतु ती आठवण त्यांची स्वतःची होती, दुसऱ्या कोणी रांगेसमोर उभे करून काढलेली नव्हती.

पुढच्या वेळी तुमच्या सरांनी पुन्हा घरचा विषय काढला, तर त्यांच्याकडे तुमच्या चारही फेऱ्यांच्या वेगवेगळ्या वेळा मागा. त्या त्यांनी नोंदवलेल्या नसतील, तर ती अकॅडमी सोडा, उरलेल्या महिन्यांचे शुल्क परत मागा आणि घड्याळ धरून उभा राहील असा एखादा मित्र शोधा.