इस्लाममध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य आहे की नुसती बंधनंच?

दोन्ही आहे. जुलमी सत्ताधीशासमोर न्यायाचा शब्द उच्चारणं हा श्रेष्ठ जिहाद, म्हणजे धर्मासाठीची धडपड, असं पैगंबरांचं वचन अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या हदीससंग्रहांत, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत, आहे. ही गोष्ट लोक सहसा विसरतात.

बंधनं समजून घ्यायची तर कुराणातली ४९ वी सूरह (अध्याय), हुजुरात, वाचा. सहावी आयत (वचन) म्हणते, कुणी दुराचारी माणूस बातमी घेऊन आला की आधी खातरजमा करा, नाहीतर अजाणता कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल. अकरावीत टिंगल, टोमणे, वाईट टोपणनावं यांना मनाई. बारावीत पाठीमागे केलेल्या निंदेला, म्हणजे गीबतीला, मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा आहे. इतकी अंगावर येणारी उपमा मी दुसरीकडे वाचलेली नाही.

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातलं वचन तर व्हॉट्सॲपच्या काळात फारच लागू पडतं: ऐकलेलं सगळं पुढे सांगत सुटणं, माणूस खोटा ठरायला एवढंच पुरे.

इतर धर्मीयांच्या दैवतांबद्दल सहाव्या सूरहची १०८ वी आयत स्पष्ट आहे: त्यांना शिव्या देऊ नका, नाहीतर तेही रागाच्या भरात, अजाणतेपणी अल्लाहला शिव्या देतील. मतभेद जरूर मांडा, पण ही आयत लक्षात ठेवून.