सायकल नवी नको, तिकिटं दोन काढा

प्रश्न : वय ४९, नाशिकला खासगी कंपनीत नोकरी. हातात महिन्याला १ लाख ३५ हजार येतात. घराचा हप्ता ३१ हजार (अजून सहा वर्षं), एसआयपी २५ हजार, घरखर्च ६० हजार. एप्रिलमध्ये बोनस अडीच लाख मिळतो. बँकेत ६ लाखांची मुदत ठेव आहे. मुलगी दहावीला आहे, तिच्या शिक्षणासाठी इक्विटी फंडात १४ लाख जमलेत. सात वर्षं सायकल चालवतोय. इटलीत लिगुरियाच्या किनाऱ्याने सानरेमो ते ला स्पेत्सिया अशी आठ दिवसांची सहल करायची आहे. सहल कंपनी २,६०० युरो सांगते. नवी कार्बन सायकल २ लाख ४० हजारांची. विमान, व्हिसा, वरखर्च धरून साडेसहा लाख होतात. ३ लाख मुलीच्या फंडातून काढावेत आणि बाकीचं पर्सनल लोन घ्यावं असा विचार आहे. पत्नीही सायकल चालवते, पण तिथले चढ तिला झेपणार नाहीत, म्हणून एकटाच जाईन. येत्या मे महिन्यात जावं की निवृत्तीनंतर?

उत्तर : निवृत्तीनंतरचं आधी खोडून टाकतो. पैसा अकरा वर्षं थांबेल, गुडघे थांबतील याची हमी कुणी देत नाही. शिवाय तेव्हा युरो कितीला असेल ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. जा, पण मे महिन्यात नको. आणि तुम्ही मांडलाय त्या हिशेबाने तर मुळीच नको.

कर्जाचं बघा. साडेतीन लाख, तीन वर्षं, १३ टक्के धरले तर हप्ता साधारण ११,८०० बसतो आणि व्याज जातं ७५ हजारांच्या आसपास. म्हणजे मुंबईहून युरोपला जाऊन यायचं एक तिकीट तुम्ही बँकेला देणार. सहल आठ दिवसांची आणि हप्ता छत्तीस महिन्यांचा. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा मुलीची बारावी होऊन कॉलेजची फी सुरू झालेली असेल.

मुलीच्या फंडाला हात लावू नका, हे तुम्हालाही ठाऊक आहे. नाहीतर तुम्ही मला विचारलंच नसतं. इथे अडचण कराची नाही. दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यामुळे तीन लाख काढले तरी कर किरकोळच लागेल. अडचण तारखेची आहे. प्रवेश अडीच वर्षांवर आला आणि सगळे १४ लाख अजून शेअर बाजारात. सहलीला जा किंवा जाऊ नका, पुढच्या दीड वर्षात हे पैसे टप्प्याटप्प्याने मुदत ठेवीत किंवा डेट फंडात आणायला लागा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, सायकल नंतर.

आता सायकल. माझाही जीव सायकलीत अडकलेला आहे, म्हणून जपून लिहितो. मी एकदा स्वतःची सायकल खोक्यात घालून फ्रान्समधल्या नीसला नेली होती. खोकं उघडलं तर मागच्या गिअरचा हँगर (गिअर अडकवायची पट्टी) वाकलेला. तो सुटा भाग त्या गावात मिळेना. सहा दिवसांतले दोन दिवस दुकानदाराच्या तोंडाकडे बघण्यात गेले. सानरेमोच्या पट्ट्यात चांगली रोड बाईक दिवसाला ३५ युरोच्या आसपास भाड्याने मिळते. सहा दिवसांचे झाले २१० युरो, म्हणजे २२ हजार (युरो १०५ रुपये धरून). त्यासमोर २ लाख ४० हजार, वर खोकं, वर विमानाचं सामानभाडं. नाशिकला चालवायला नवी सायकल हवीच असेल तर ती वेगळी खरेदी, वेगळ्या वर्षी. ती इटलीच्या खात्यात घालू नका.

मग २,६०० युरोंचं पॅकेज. हे पैसे नेमके कशाचे, ते समजायला त्या किनाऱ्याची घडण बघावी लागते. लिगुरियात डोंगर थेट समुद्रात उतरतात. प्रत्येक भूशिर म्हणजे एक चढ, आणि गावं मधल्या खाचांत वसलेली. सानरेमो ते ला स्पेत्सिया रोज पुढच्या गावी मुक्काम करायचा तर बॅगा वाहून न्यायला गाडी लागते, रोज नवं हॉटेल लागतं, रस्ता चुकला तर फोन उचलणारा माणूस लागतो. पॅकेजची बरीचशी किंमत या ने-आणीची असते. आणि त्या बदल्यात मिळतं काय? नोली, वारिगोत्ती हा भाग देखणा आहे, त्यात वाद नाही. पण साव्होनाच्या आसपास बंदरं आणि कारखाने लागतात. मग व्होल्त्रीपासून नेर्वीपर्यंत जेनोवा शहर संपता संपत नाही, ट्रकांच्या रांगेत. त्यापुढे ब्राक्कोची खिंड, सहाशे मीटरच्या वर. ती मात्र सुंदर, आणि तिथे तुम्ही नक्की खूश व्हाल. ला स्पेत्सियाच्या अलीकडची चिंक्वे तेर्रेची पाच गावं सायकलने बघण्याचा हट्ट तर सोडाच. रस्ता वर डोंगरात आहे. प्रत्येक गावासाठी खाली उतरायचं आणि तेवढंच पुन्हा चढायचं. तिथे शहाणी माणसं रेल्वेने जातात.

मी असतो तर पश्चिमेच्या एकाच गावात नऊ रात्रींची खोली घेतली असती, आर्मा दी ताज्जा किंवा सानरेमोत, आणि रोज वेगळी फेरी मारली असती. तिथे सान लोरेन्झो आल मारे ते ओस्पेदालेत्ती असा २४ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, समुद्राला लागून, जवळजवळ सपाट. पूर्वी तिथून रेल्वे जायची. २००१ मध्ये रूळ डोंगराच्या पोटात हलवले आणि जुन्या वाटेवर सायकली आल्या. काप्पो नेरोचा पावणेदोन किलोमीटरचा बोगदाही त्यातच आहे. भर दुपारी आत शिरलं की अंगावर थंड झुळूक येते. (नवं सानरेमो स्टेशनही डोंगरातच आहे. फलाटापर्यंत सायकल ढकलत नेताना आपण बहुतेक नाशिकलाच चाललोय असं वाटतं.)

चढ हवेत ना? चिप्रेस्सा आणि पोज्जो दोन्ही तिथून हाकेच्या अंतरावर. दोन्ही मिलान–सानरेमो या सायकल शर्यतीतले नावाजलेले चढ. ही शर्यत १९०७ पासूनची. पोज्जो तिच्यात १९६० मध्ये आला, चिप्रेस्सा १९८२ मध्ये. पोज्जो ३.७ किलोमीटर, सरासरी चार टक्क्यांच्याही आतला. कसारा घाट चढणाऱ्या माणसाला तो हातचा मळ. शर्यतीत तो अवघड ठरतो, कारण जवळपास तीनशे किलोमीटर चालवून झाल्यावर येतो. खरे घाट आतल्या दऱ्यांत आहेत. नेर्व्हिया नदीच्या काठाने गेलं की दोल्चेआक्वा गाव. तिथल्या कमानीच्या जुन्या पुलाचं चित्र क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८८४ मध्ये काढलं. तिथून वर आप्रिकाले, आणि अजून वर पेरिनाल्दो. शनीच्या कड्यांमधली फट शोधणारा कासिनी १६२५ मध्ये याच गावात जन्मला. एवढं वर आल्यावर मागे वळून बघा, ऑलिव्हच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांखाली समुद्र दिसतो. परतीला पाय बोलायला लागले तर रिजनल रेल्वेगाडीत सायकल चढवा, तिचं वेगळं तिकीट साडेतीन युरोंच्या आसपास असतं. फक्त बोगद्यात आणि रात्री गावाबाहेर परावर्तक जाकीट सक्तीचं आहे, ते इथूनच न्या.

आणि वहिनी. पत्रात त्या शेवटून दुसऱ्या ओळीत आल्यात. ‘झेपणार नाही’ हे त्यांनी सांगितलंय की तुम्ही ठरवलंय? किनाऱ्याचा मार्ग सपाट आहे आणि चढांसाठी ई-बाईक दिवसाला ४० युरोंच्या आसपास मिळते. गंगापूर धरणापर्यंत सायकल नेणारी बाई ई-बाईकवर पेरिनाल्दोला तुमच्या आधी पोचून चहा मागवून बसलेली असेल.

दोघांचा हिशेब असा पडतो : विमान १ लाख ४० हजार, नऊ रात्रींचं अपार्टमेंट ८० हजार, दोन सायकली सहा दिवस ४७ हजार, खाणंपिणं ५७ हजार, रेल्वे आणि किरकोळ १६ हजार, व्हिसा-विमा ३० हजार, गाठीला ३० हजार. झाले चार लाख, तेही दोघांचे. तुमचा आकडा एकट्यासाठी साडेसहाचा होता. खाण्याचा आकडा कमी वाटेल, पण दुपारी फोकाच्चा (ऑलिव्ह तेलातला चपटा पाव) किंवा फारिनाता घेतला की भागतं. फारिनाता म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं भट्टीतलं धिरडंच, शाकाहाऱ्याला वरदान.

पैसे कुठून? बोनसचे अडीच लाख आहेत. उरलेले दीड लाख नोव्हेंबर ते ऑगस्ट महिन्याला १५ हजारांच्या आवर्ती ठेवीतून. तुमच्याच आकड्यांवरून महिन्याला १९ हजार उरायला हवेत. ते कुठे जातात हे त्या निमित्ताने कळेल. म्हणजे जायचं सप्टेंबरच्या शेवटी. समुद्र तेव्हा उबदार असतो, ऑगस्टची इटालियन सुट्टीची गर्दी ओसरलेली असते आणि मुलगी अकरावीत असते, बारावीत नाही. मुदत ठेवीचे ६ लाख म्हणजे घरखर्च आणि हप्ता मिळून साडेसहा महिन्यांचा आधार. त्यातला रुपयाही या कामाला नाही. एसआयपीही थांबवायची नाही. बोनस कमी आला तर नऊ रात्रींच्या सहा करा किंवा वर्षभर थांबा, कर्ज मात्र नको.

एवढं करूनही पॅकेजच घ्यायचं ठरलं, तर टीसीएसला (परदेशी सहलीचं पॅकेज विकताना कंपनी आगाऊ वसूल करते तो कर) घाबरू नका. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. दर बदलत आलाय, बुकिंगच्या दिवशी विचारून घ्या. स्वतः आखणी केलीत तर खर्चाचे युरो दोन-तीन टप्प्यांत फॉरेक्स कार्डावर भरा. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा अधिभार साडेतीन टक्क्यांपर्यंत लागू शकतो. युरो पाच रुपयांनी वर गेला तर तुमचं बजेट दहा हजारांनी हलेल, गाठीचे तीस हजार त्यासाठीच आहेत.

विमान नीसचं बघा. सानरेमोला ते जेनोवापेक्षा जवळ पडतं, व्हेन्तिमिल्याला गाडी बदलायची की झालं. उतरणार फ्रान्समध्ये असलात तरी मुक्काम इटलीत, म्हणून व्हिसा इटलीकडे मागायचा. शुल्क माणशी ९० युरो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. पॉलिसीत सायकलिंग साहसी खेळ म्हणून वगळलंय का, हे लेखी विचारा. फोनवरचं ‘हो सर, कव्हर आहे’ चालायचं नाही.

वहिनींशी बोलून कळवा. आणि सायकली आरक्षित करताना दोघांची उंची विचारतात, सेंटिमीटरमध्ये. फुटांत लिहू नका.