फाशी जाणे, फाशी होणे, फाशी देणे

एका शिक्षिकेने विचारलं आहे: "नववीच्या वादविवादाला 'फाशीची शिक्षा नैतिकदृष्ट्या योग्य की अयोग्य' असा विषय द्यायचा आहे. 'फाशी' लिहू की 'मृत्युदंड'? आमच्या शाळेतले एक सर म्हणतात की 'मृत्युदंड' हिंदी आहे, मराठीत 'देहदंड' म्हणा. आणि बातम्यांत येतं ते 'मरेपर्यंत फाशी' ही द्विरुक्ती नाही का? फाशी म्हणजे मरणच ना?"

'मृत्युदंड' घ्या. शब्द संस्कृत आहे, हिंदीवाले तो जास्त वापरतात एवढंच. सरांच्या कानाला तो खटकतो त्याला कारण मात्र आहे. मराठीत सुटा 'दंड' म्हटला की डोळ्यांसमोर पावतीपुस्तक येतं. विनातिकीट पकडलं, दंड भरला. त्यामुळे जीव घेण्याला 'दंड' म्हणणं जरा हलकं वाटतं. 'देहदंड' बरोबरच आहे, पण नववीच्या मुलांना तो ऐतिहासिक कादंबरीतला वाटेल. 'देहान्त शासन' त्याहून जुना. (शिक्षा आणि सरकार या दोन्हींना आपण 'शासन' म्हणतो. 'पुन्हा असं केलंस तर शासन होईल' हे आजोबांचं वाक्य आणि 'महाराष्ट्र शासन' हा शिक्का, शब्द एकच. हे मला फार आवडतं.) 'फाशी' हे पद्धतीचं नाव आहे. विषयात ते घातलंत तर चार वक्त्यांनंतर कुणीतरी दोराऐवजी इंजेक्शनची गोष्ट काढणार आणि वाद भलतीकडे जाणार.

'मरेपर्यंत फाशी' ही द्विरुक्ती नाही. 'फाशी' आली 'फास'वरून आणि 'फास' संस्कृत 'पाश'वरून. फास म्हणजे दोराचा सरकता वेढा. फासे लावून तितर-ससे धरतात ते फासेपारधी. म्हणजे मूळ शब्दात अडकवणं आहे, मरणं नाही. कायद्याला ती फट ठेवायची नव्हती. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५४मध्ये स्पष्ट म्हटलं होतं की मृत्यूची शिक्षा सुनावताना 'मरेपर्यंत गळ्याला फास लावून टांगावे' असा निर्देश द्यायचा. बातमीदारांनी ते आटोपशीर केलं, 'मरेपर्यंत फाशी'. ठीक आहे. 'आमरण जन्मठेप' हे मात्र मला पटत नाही. जन्मठेप कायद्यानं मरेपर्यंतचीच असते. चौदा वर्षांत सुटतात हा समज इतका पक्का बसलाय की 'आमरण'चं ठिगळ लावावं लागतं.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मुलांना वादासाठी खरं उपयोगी पडेल असं. मराठीत 'फाशी' या नामाला चार-पाच क्रियापदं लागतात आणि बोलणारा कुणाच्या बाजूनं उभा आहे हे त्यातून कळतं.

'फाशी घेणे' म्हणजे आत्महत्या. 'फाशी देणे' यात कर्ता सरकार. 'फाशी जाणे' किंवा 'फासावर चढणे' यात कर्ता मरणारा स्वतः. दामोदर हरी चापेकर १८ एप्रिल १८९८ला येरवड्यात फाशी गेले. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे सोलापूरचे चौघे १२ जानेवारी १९३१ला तिथेच फाशी गेले. 'इंग्रजांनी त्यांना फाशी दिली' हेही खरंच, पण सोलापूरच्या माणसाच्या तोंडी सहसा ते येत नाही. तो त्यांना 'हुतात्मे' म्हणतो. 'गेले' म्हटलं की पायऱ्या त्यांनी स्वतः चढलेल्या असतात. येरवड्यात १९८३ साली पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या चौघा खुन्यांनाही फाशी झाली. ते 'फाशी गेले' असं पुण्यात मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

या 'फाशी जाणे'मधलं 'फाशी' मला तरी नाम वाटत नाही. घर – घरी गेला, सूळ – सुळी गेला, तसं फास – फाशी गेला. जुनी सप्तमी असावी. म्हणूनच जुन्या लोकांच्या बोलण्यात 'त्याला फाशी दिला' असं पुल्लिंगी रूप येतं, 'सुळी दिला'सारखं. तिथे दिला जातो तो माणूस. 'फाशी दिली' म्हणताना आपण शिक्षा देतो. शाळेत 'फाशी दिला'वर लाल शाई मारतात, ती मारू नये असं माझं मत.

सगळ्यात निसरडं 'फाशी होणे'. पाऊस होतो, ताप होतो, तशी फाशी होते. कर्ताच नाही. शिवाय झालं म्हणजे नेमकं काय झालं? कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींना २००१ साली सत्र न्यायालयात फाशी झाली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयात ती कायम झाली. २०१४ साली दयेचा अर्ज फेटाळला गेला. तरी फाशी दिली गेलीच नाही. अर्जाच्या निकालाला सरकारनं लावलेल्या विलंबामुळे २०२२च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेत बदलली. वीस वर्षं त्यांना फाशी 'झालेली' होती आणि त्या जिवंत होत्या. तेव्हा मुलांना एवढं जरूर सांगा: शिक्षा सुनावली असेल तर 'फाशीची शिक्षा सुनावली' लिहा, अंमल झाला असेल तर 'फाशी दिली' लिहा. सत्र न्यायालयानं सुनावलेली फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय देताच येत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

मारण्याच्या बाकीच्या शब्दांतही असाच निवाडा दडलेला असतो. अफझलखानाचा 'वध' होतो, 'खून' नाही. वधात मारणाऱ्याची बाजू आधीच मान्य केलेली असते. म्हणून 'गांधीवध' हा शब्द ज्यांनी चालवला त्यांनी तो समजून-उमजून चालवला आणि 'गांधीहत्या' म्हणणाऱ्यांनीही तितकाच समजून. वादविवादात विरोधी बाजू 'सरकारी खून' म्हणेल, समर्थक 'न्याय' म्हणतील. परीक्षकांनी दोघांचेही गुण कापावेत, कारण जे सिद्ध करायचं तेच शब्दात आधी घालून ठेवलं.

या सगळ्या शब्दांत मला विचार करायला लावतो तो 'देहान्त प्रायश्चित्त'. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. त्याचीच 'ध'चा 'मा'ची आख्यायिका. राघोबादादांनी यावर प्रायश्चित्त काय, असं विचारलं तेव्हा न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं, ही कथा शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. ती शास्त्रीबुवांच्या बाणेदारपणाची म्हणून सांगतात. माझं लक्ष शब्दाकडे जातं. दंड दुसऱ्यानं द्यायचा असतो, प्रायश्चित्त स्वतः घ्यायचं असतं. राघोबांना दंड देणार कोण? सत्ता त्यांच्याच हातात. शिवाय ब्राह्मणाला ठार मारायचं नाही हा त्या काळच्या न्यायाचा सर्वसाधारण दंडक. त्याच गुन्ह्याला इतरांची मान जाई तिथे ब्राह्मणाला किल्ल्यावर कैदेत टाकत. प्रायश्चित्ताला अशी अडचण नव्हती. ते घ्यायला पापी माणसाची तयारी मात्र हवी. राघोबांची नव्हती, ते पुढे बरीच वर्षं जगले.

शिक्षा आणि प्रायश्चित्त एकच मानणारी परंपराही आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटलंय की राजानं दंड केलेले पापी निर्मळ होऊन पुण्यवानांसारखे स्वर्गाला जातात. म्हणजे फाशी ही गुन्हेगारावर उपकारच! मृत्युदंडाच्या आजच्या समर्थकांपैकी कुणी हे म्हणणार नाही. त्यांना गुन्हेगार स्वर्गात जायला नकोच आहे. कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर २०१६ साली गावोगावी 'फाशी द्या, फाशी द्या' अशा घोषणा झाल्या, त्यामागे त्या पोरीच्या आईबापांचं दुःख आणि धाक बसावा ही मागणी होती. ती भावना खोटी नाही, आणि विरोधी बाजूच्या मुलांनी तिची टिंगल केली तर त्यांना थांबवा. पण 'ज्याचं त्याला मिळालं' आणि 'शुद्ध झाला' या दोन अगदी वेगळ्या भूमिका आहेत. मुलांनी त्या एका दमात मांडू नयेत.

मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात २०१४ साली तिघांना फाशीची शिक्षा सुनावली होती. २०२१च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेत बदलली आणि पॅरोल, फर्लो म्हणजे तुरुंगातून तात्पुरती रजा मिळणार नाही अशीही अट घातली. मृत्यूनं पश्चात्तापाची कल्पनाच संपते, असं न्यायालयाचं म्हणणं. मनूच्या बरोबर उलट. मला हे पटतं. प्रायश्चित्त म्हणायचं तर ते घ्यायला माणूस उरायला हवा.

माझा कल तुम्हाला कळलाच असेल. डॉ. आंबेडकरांनीही जून १९४९मध्ये घटना समितीत बोलताना ही शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूनं मत मांडलं होतं. ती राहिली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९८०च्या बचन सिंग निकालानं तिला 'दुर्मिळातील दुर्मीळ' ही चौकट घातली. (इथे पहिला मि ऱ्हस्व, दुसरा मी दीर्घ. छपाईची चूक नाही, सामान्यरूपात उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, गरीब – गरिबाला तसं. रोजच्या बातमीत हे चुकतं.)

विरोधी बाजूच्या मुलांना पाठांतराची भाषणं देऊ नका, एक म्हण द्या: 'चोर सोडून संन्याशाला फाशी'. जुन्या तोंडी 'सुळी'. आणि सोबत नाशिक जिल्ह्यातला २००३चा खटला द्या. दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या त्या प्रकरणात भटक्या जमातींतल्या सहा गरीब मजुरांना धरलं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांची फाशी मान्य केली, त्यातल्या तिघांची तर उच्च न्यायालयानं जन्मठेप केलेली असताना. मग फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ला त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष ठरवलं. वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून भलत्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. म्हणीतला चोरही आला, संन्यासीही आला. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. राज्य सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला.

अशा निकालाला 'फाशी रद्द' असा मथळा देऊ नये. कोल्हापूरच्या बहिणींची फाशी टळली, गुन्हा कायम राहिला. तिथे 'फाशी रद्द, जन्मठेप' चालेल. नाशिकचे सहा जण निर्दोष सुटले. मथळ्यात जागा कमी असेल तर 'फाशी' गाळा, 'निर्दोष' ठेवा.