चाळीस टक्के घर, शंभर टक्के सर्व्हिस चार्ज

प्रश्न: आम्ही दोघं इंग्लंडमध्ये स्लाउला भाड्याने राहतो. दोघांचा मिळून पगार वर्षाला ६२,००० पौंड, शिल्लक २४,०००. नव्या इमारतीत ३,२०,००० पौंडांच्या फ्लॅटचा ४० टक्के हिस्सा शेअर्ड ओनरशिपमध्ये (म्हणजे थोडा हिस्सा विकत, उरलेल्यावर भाडं) मिळतोय. सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) महिना १९० पौंड. आत्ताचं भाडं १,३५० पौंड आहे. पाच-सहा वर्षांनी पुण्याला परतायचा विचार आहे, तेव्हा हा फ्लॅट भाड्याने देऊ. घ्यावा का?

उत्तर: तुमचा प्रश्न खरं तर शेवटच्या ओळीत आहे, पण आधी हिशेब मांडू.

४० टक्के म्हणजे १,२८,००० पौंड. त्यावर १० टक्के डिपॉझिट भरलंत, तर १,१५,२०० पौंडांचं कर्ज राहतं. ५ टक्के दर आणि ३० वर्षं धरली, तर हप्ता सुमारे ६१८ पौंड. उरलेल्या ६० टक्क्यांवर हाउसिंग असोसिएशनला (उरलेला हिस्सा जिच्याकडे राहतो त्या संस्थेला) भाडं द्यायचं, नेहमीच्या २.७५ टक्के दराने ते ४४० होतं. त्यात १९० मिळवा. एकूण १,२४८, म्हणजे आजच्यापेक्षा शंभरेक पौंड कमी. इथेच बहुतेकांचं मन बसतं.

पण सर्व्हिस चार्ज ४० टक्के नाही, पूर्णच्या पूर्ण तुमच्या माथी आहे, आणि तो किती वाढावा याला मर्यादा नाही. भाडंही दरवर्षी वाढतं: नव्या करारांत महागाई निर्देशांक अधिक १ टक्का. महागाई ३ टक्के राहिली, तर आजचे ४४० दहा वर्षांत ६५० च्या घरात जातात. उरलेला हिस्सा हळूहळू विकत घेता येतो, नव्या करारात ५-५ टक्क्यांनीही. पण त्या दिवशीच्या बाजारभावाने, आणि बहुतेकदा प्रत्येक वेळी व्हॅल्युएशन आणि सॉलिसिटरचा खर्च वेगळा. जमेची बाजू म्हणजे नव्या करारात पहिली दहा वर्षं इमारतीच्या बाहेरच्या आणि मूळ बांधकामाच्या दुरुस्त्या असोसिएशनकडे असतात.

आता ती शेवटची ओळ. शेअर्ड ओनरशिपचं घर सहसा भाड्याने देता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत परवानगी मिळते, पण ‘पुण्याला जायचंय’ यावर भिस्त ठेवू नका. मग उरतं विकणं, आणि तिथेही आधी असोसिएशनला गिऱ्हाईक शोधायची मुदत द्यावी लागते.

त्यामुळे माझं मत: परतायचं पक्कं असेल, तर हा फ्लॅट घेऊ नका. पगाराच्या साडेचार पट कर्ज मिळालं, तर २,७९,००० पर्यंत जाता येतं. २,४०,००० चं एक बेडरूमचं घर ५ टक्के डिपॉझिट भरून पूर्ण घेतलंत, तर हप्ता साधारण १,२२५ बसेल, वर सर्व्हिस चार्ज, तोही तेवढाच धरू. म्हणजे शेअर्ड ओनरशिपपेक्षा महिन्याला दीडेकशे पौंड जास्त आणि एक खोली कमी. पण असोसिएशनचं भाडं नाही, आणि परतताना बँकेची आणि लीजप्रमाणे (इमारतीच्या मालकाशी असलेल्या दीर्घ मुदतीच्या कराराप्रमाणे) लागणारी परवानगी काढून भाडेकरू ठेवता येईल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटवर तुमच्यापैकी कुणाचं नाव आहे का? बाबांनी ‘असू दे’ म्हणून घातलेलंसुद्धा? तसं असेल, तर स्टॅम्प ड्यूटीत पहिल्या घराची सवलत जाते, कारण जगात कुठेही, कधीही घर नावावर नसावं अशी अट आहे. आणि तो हिस्सा ४०,००० पौंड किंवा अधिक किमतीचा असेल, तर वर ५ टक्के जादा कर: २,४०,००० वर १२,००० पौंड. शेअर्ड ओनरशिपच्या पात्रतेतही दुसरं घर आड येतं. तेवढं आई-बाबांना आधी विचारा, मग बुकिंगची रक्कम भरा.