ठेव मोडून वर्षभराची फी भरू का?

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 3 वर्षं व्हायोलिन शिकतोय, पण क्लासमध्ये आम्ही 10 जण एकत्र असतो. एक नामवंत वादक मला एकट्याला शिकवायला तयार आहेत. फी आताच्या तिप्पट आणि वर्षभराची आगाऊ. शिकवण्या घेऊन साठवलेली ठेव मोडू का? की त्यात चांगलं व्हायोलिन घेऊ?

उत्तर : शिक्षक बदला, ठेव मोडू नका.

व्हायोलिन तूर्त राहू द्या. नव्या तारा बसवा, बोचे, म्हणजे वाजवायच्या गजाचे, केस झिजले असतील तर बदलून घ्या. एवढ्यानेही आवाज खुलतो. पुढचं वाद्य नव्या शिक्षकांना सोबत नेऊनच निवडा.

शिक्षकावरचा खर्च मला पटतो. व्हायोलिनला सतारीसारखे सुरांच्या जागा दाखवणारे पडदे नसतात; बोट केसभर सरकलं की सूर ढळतो. शिक्षकांपुढे आठवड्याला 1 तास, घरी बाकीच्या दिवशी रोज तासभर धरला तर 6 तास. त्या 6 तासांत चूक सुधारते की हाडीमाशी मुरते, हे त्या 1 तासावर ठरतं. दहा जणांत तुमचं मनगट कोण बघणार?

पण उत्तम वादक उत्तम शिक्षक असतोच असं नाही. आधी पैसे देऊन 2 तास घ्या. तुम्ही वाजवताना ते मध्येच थांबवतात का? नुसत्या मोकळ्या तारेवर बो सरळ ओढायला लावतात का? की सगळा तास स्वतःच वाजवून दाखवतात? जमलं तर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला ऐका. वादकाच्या नावापेक्षा मला त्याचा भरवसा जास्त वाटतो.

आगाऊ फीबद्दल मी हट्टी आहे. माझ्या मुलाच्या वेळी मी वर्षाची फी एकरकमी भरली. चौथ्या महिन्यापासून शिक्षक दौऱ्यांवर, तास बुडत गेले आणि पैसे परत मागायला हातात कागद नव्हता. मुलाचं शिकणं तुटलं, त्याची खंत अजून आहे. म्हणून महिन्याची किंवा फार तर तिमाही फी सुचवा आणि बुडालेल्या तासाचं काय, हे आधीच लिहून घ्या.

फी शिकवण्यांच्या दरमहा कमाईतूनच गेली पाहिजे. तिप्पट झेपत नसेल तर पंधरवड्याला 1 तास मागा. खर्च दीडपटीवर येईल. मधल्या आठवड्यात स्वतःचं वादन रेकॉर्ड करून पुढच्या तासाला न्या. ते आगाऊ वर्षावरच अडून बसले, तर दुसरे शिक्षक शोधा, नाव कितीही मोठं असो.

ते 2 तास झाले की त्यांनी कुठे थांबवलं, काय दुरुस्त केलं ते वहीत लिहा आणि मला कळवा. मग तिमाहीचा हिशेब मांडू.