निम्मा कंटेनर रस्त्यावर, पूर्ण जबाबदारी कोणाची?

फोंडा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वडिलोपार्जित घराची मागची खोली पाडून चवथीपूर्वी नव्याने उभी करायची म्हणून त्यांनी काम काढलं. चिरे, फुटकी कौलं, गिलावा टाकायला लोखंडी कंटेनर आठ दिवसांसाठी भाड्याने घेतला. तो फाटकातून आत जाईना, तेव्हा घरासमोरच, निम्मा डांबरावर उतरवून घेतला. तिसऱ्या रात्री वाड्यावरचा 19 वर्षांचा मुलगा स्कूटरसकट त्यावर आदळला आणि त्याचं मनगट मोडलं. रस्त्यावरचा दिवा बंद होता. कंटेनरवाला पावतीची मागची बाजू दाखवतो: 'कंटेनर उतरवल्यावर सर्व जबाबदारी ग्राहकाची.' त्यात पंचायतीची नोटीसही आली. वाचक विचारतात, 'डबा माझा नाही, मी फक्त भाडं भरलं. मग मी कसा अडकलो?'

अडकलात हे खरं, पण एकटे नाही.

पावतीवरची अट तुमच्यात आणि कंटेनरवाल्यात आहे. त्या मुलाने तिच्यावर सही केलेली नाही, त्यामुळे तो तुम्हा दोघांकडेही भरपाई मागू शकतो. नंतर तुम्ही आणि कंटेनरवाला आपसात काय ते बघा. एरवी स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीचं खापर काम देणाऱ्यावर फुटत नाही. पण इथे जागा तुम्ही दाखवलीत, आणि तीही सार्वजनिक रस्त्यावर. मात्र चकाकणाऱ्या पट्ट्या, लाल दिवा न लावता रात्रभर डबा रस्त्यावर ठेवणं ही त्याच्याही धंद्यातली कसूर आहे, आणि पावतीवरच्या एका ओळीने ती पुसली जात नाही. मुलाचा वेग हा मुद्दा भरपाई कमी करायला उपयोगी पडेल. हेल्मेट नव्हतं हा मुद्दा मात्र मनगटाच्या बाबतीत चालणार नाही, तो काढूच नका.

पोलिसांत तक्रार झाल्याचं पत्रात नाही. झाली तर दोन कलमं पुढे येतील. भारतीय न्याय संहितेचं कलम 285, म्हणजे सार्वजनिक वाटेत अडथळा: दंड 5,000 रुपयांपर्यंत. दुसरं कलम 125. हाड मोडणं ही कायद्याने 'गंभीर दुखापत' असल्याने त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वाचून घाबरू नका, गुन्हा जामीनपात्र आहे.

आज करायची कामं. कंटेनर हलवण्याआधी फोटो काढा, टेप धरून डांबरावर किती आला होता तेही दिसू द्या. बंद दिव्याचा फोटोही घ्या. मग कंटेनरवाल्याला लेखी कळवून तो उचलायला लावा. आणि माझ्या ऑफिसात येण्याआधी त्या मुलाच्या घरी जा. उपचाराचा खर्च द्या, पोच घ्या, पोचेवर 'उपचारासाठी मदत' एवढंच लिहा. 'चूक माझी' असं लिहून द्यायची गरज नाही, पण म्हणून दार लावून बसायचीही नाही. एकाच वाड्यावर राहायचं आहे.

पुढचा कंटेनर फाटकाच्या आतच घ्या. जमत नसेल तर गोणी भरून छोट्या पिकअपने फेऱ्या मारा, पैसे थोडे जास्त जातील. आत घेताना सेप्टिक टाकीच्या झाकणावर किंवा विहिरीच्या कठड्याजवळ उतरवू नका, उचलताना वर विजेची तार येणार नाही हेही पाहा. एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट, चिऱ्यांचा मलबा साधारण चार टन भरतो. तेव्हा जड माल तळाला सारखा पसरा आणि काठाच्या वर रास करू नका, तीच वाटेत कोणाच्या तरी डोक्यावर येते. पोरांना त्यावर चढू देऊ नका, रात्री ताडपत्री बांधा. पावसाचं पाणी साठून डास झाले तर गोवा सार्वजनिक आरोग्य कायदा, 1985 खाली आरोग्य खात्याचा माणूसही दारात येईल.

शेजारी रात्री त्यात ओला कचरा टाकतात, असंही तुम्ही लिहिलंय. बांधकामाच्या मलब्यात दुसरा कचरा मिसळू न देणं ही मलबा करणाऱ्याची, म्हणजे तुमची, जबाबदारी 2016 च्या नियमांनी ठरवली. 1 एप्रिल 2026 पासून त्यांची जागा 2025 च्या नव्या नियमांनी घेतली आहे. जुन्या पडवीवर सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडून कंटेनरात टाकू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते.

भरलेला कंटेनर शेवटी कुठे रिकामा होतो, हे कंटेनरवाल्याकडून लेखी घ्या. रात्री एखाद्या शेतात ओतून मोकळं होणारे लोक आहेत. सखल जमिनीत भराव घालायला नगर व ग्रामनियोजन कायद्याचं कलम 17-अ आडवं येतं. कौलांच्या तुकड्यांवरून घर ओळखायला गावात फारसा वेळ लागत नाही.

पंचायतीच्या नोटिशीला दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या: कंटेनर कधी हटवला, कोणाचा होता, पुढे कुठे ठेवणार. पण उत्तर लिहिण्यापूर्वी थांबा. खोली पाडून नव्याने बांधायला गोवा पंचायत राज कायदा, 1994 च्या कलम 66 खाली पंचायतीची परवानगी लागते, आणि तुमच्या पत्रात तिचा कुठेच उल्लेख नाही. मनगटापेक्षा मला हीच काळजी अधिक वाटते. कंटेनर बघायला आलेला माणूस मागची खोलीही बघून जाणार. परवानगीची प्रत शोधा. सापडली तर तिची झेरॉक्स उत्तराला जोडा. नसेल, तर काम आज थांबवा आणि नोटिशीचं उत्तर पाठवण्याआधी वकिलाला भेटा.