दोन थाऊ पुरे: पुंगळ्या रिसाइज करताना वाचकांना पडलेले प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर, मी विस्कॉन्सिनला असतो, थर्टी-ऑट-सिक्स (.30-06) काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन (हाताने बोल्ट मागेपुढे करायची) रायफल आहे, दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या वेळच्या डिअर सीझनसाठी काडतुसं घरीच रिलोड करतो, म्हणजे वापरलेल्या पितळी पुंगळ्या (केस) दाबून पुन्हा मापात आणतो आणि परत भरतो. फुल-लेंग्थ डाय (पूर्ण पुंगळी दाबणारा साचा) सोबतच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे प्रेसच्या (दाबयंत्राच्या) शेलहोल्डरला, म्हणजे पुंगळी धरणाऱ्या तुकड्याला, टेकवून वर पाव आटा फिरवून बसवली होती. चौथ्या-पाचव्या वेळेला काही पुंगळ्यांवर बुडाच्या थोडं वर चकचकीत रिंग दिसायला लागली. घाबरून डाय अर्धा आटा वर घेतली तर आता बोल्टच नीट बंद होत नाही. नक्की काय चुकतंय?

उत्तर: आधी त्या रिंगवाल्या पुंगळ्या बाजूला काढा आणि वापरू नका, बाकीचं नंतर वाचा. एक पेपरक्लिप सरळ करा, टोक दोन-तीन मिलीमीटर काटकोनात वाकवा आणि पुंगळीत घालून आतून भिंतीवर खालून वर ओढा. रिंगच्या जागी टोक खाचेत अडकलं तर तिथे पितळ पातळ झालंय, पुढच्या फायरला पुंगळी तिथूनच दोन तुकडे होऊ शकते. या काडतुसाचं कमाल प्रेशर 60,000 पीएसआय आहे आणि तो गॅस मागे तुमच्या तोंडाकडे येऊ शकतो. त्याच लॉटच्या बाकी पुंगळ्याही अशाच एकेक करून तपासा, रिंग दिसत नसली तरी.

आता हे होतं कसं ते बघू. फायरिंग पिन मारते तेव्हा केस पुढे ढकलली जाते, मग प्रेशरने पुढची पातळ भिंत चेंबरला (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेला) घट्ट धरते आणि बूड मात्र मागे बोल्टला जाऊन टेकतं. शोल्डर (केस निमुळती होते तो उतार) आणि चेंबर यांच्यामध्ये जेवढी मोकळी जागा असेल तेवढं पितळ बुडाच्या जरा वर ताणलं जातं. तुम्ही दरवेळी डायने शोल्डर पुन्हा मागे दाबता आणि दरवेळी ते पुन्हा ताणलं जातं, तार एकाच जागी वाकवत राहिलं की तुटते तसं. कागदावरची सेटिंग कुठल्याही रायफलमध्ये काडतूस बसावं या हिशोबाने दिलेली असते, तुमच्या चेंबरला ती बहुतेक गरजेपेक्षा जास्तच दाबते.

पण डाय नुसती वर घेतली म्हणूनही भागत नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डाय आधी केसच्या अंगाला दाबते, शोल्डरपर्यंत ती नंतर पोचते. अंग दाबलं गेलं की पितळ पुढे सरकतं आणि शोल्डर फायर झालेल्या केसपेक्षाही पुढे जातं! म्हणून तुमचा बोल्ट अडतोय. अर्धवट रिसाइज केलेली केस न केलेल्यापेक्षा लांब निघते.

मग करायचं काय, तर मोजायचं. कॅलिपरवर लावायचा हेडस्पेस कंपॅरेटर घ्या, महाग नाही, आणि माझ्या मते प्रेसनंतरची सगळ्यात उपयोगाची खरेदी हीच. तुमच्याच रायफलमधून फायर झालेल्या काही केस घ्या, प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) आधी काढून टाका कारण तो जरा जरी बाहेर आलेला असला तरी माप खोटं येतं, आणि बुडापासून शोल्डरपर्यंत मोजा. सगळ्यात लांब निघेल ते माप धरा. मग डाय वर ठेवून सुरुवात करा, केस दाबा, मोजा, डाय जरा खाली घ्या, परत मोजा. स्टँडर्ड डायला एका इंचात 14 आटे असतात, म्हणजे 10 अंश फिरवलं की डाय साधारण दोन थाऊ खाली येते, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आधी माप वाढताना दिसेल, घाबरू नका, मग कमी व्हायला लागेल. फायर झालेल्या केसपेक्षा दोन थाऊ कमी आलं की थांबा आणि लॉक रिंग घट्ट करा. बोल्ट अ‍ॅक्शनला एवढं पुरे, सेमी-ऑटोला (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलला) तीन ते पाच ठेवतात.

शेवटी रिकामी केस, प्राइमर-पावडर काही नसलेली, रायफलमध्ये घालून बोल्ट बंद करून बघा. हाताला कळलं पाहिजे की अडत नाहीये. आणि लांबी रिसाइज केल्यानंतरच मोजा, आधी नाही. थर्टी-ऑट-सिक्सची कमाल लांबी 2.494 इंच, त्यापुढे गेली की 2.484 ला ट्रिम करा, नाहीतर नेकचं (बुलेट धरणाऱ्या पुढच्या अरुंद भागाचं) तोंड चेंबरच्या पुढच्या टोकात दाबलं जाऊन बुलेटला आवळतं आणि प्रेशर चढतं.

प्रश्न: टार्गेटवाले मित्र म्हणतात नेक सायझिंगच करायचं, म्हणजे फक्त नेक दाबायची, ब्रास जास्त टिकतं. शिकारीलाही तेच चालेल का?

उत्तर: माझं स्पष्ट मत, नाही. नेक साइज केलेली केस एक-दोन वेळा छान बसते, मग अंग आणि शोल्डर चेंबरभर फुगत जातं आणि बोल्ट जड व्हायला लागतो. रेंजवर बेंचवर बसून हे चालून जातं. थंडीत, हातात ग्लोव्ह्ज, काडतुसावर मातीचा कण, आणि जखमी हरणावर दुसरी गोळी लगेच घालायची आहे तेव्हा बोल्ट अडला तर त्या जनावराचे हाल होतात. फुल-लेंग्थ डाय वर सांगितल्यासारखी लावली तर ब्रासही भरपूर टिकतं. नेकला चिरा पडत असतील तर तो प्रश्न वेगळा, वारंवार दाबून पितळ कडक होतं, तिथे नेक अ‍ॅनील करावी (तापवून मऊ करावी) लागते. बूड मात्र कधीही तापवायचं नाही, ते मऊ पडलं तर केस धोकादायकच.

प्रश्न: माझा चुलतभाऊ कोल्हापूरला असतो, त्याच्याकडे लायसन्सची रायफल आहे. त्याने हे घरी केलं तर?

उत्तर: करू नये. भारतात आर्म्स अ‍ॅक्ट 1959 प्रमाणे काडतुसं बनवायला वेगळं लायसन्स लागतं, रायफलचं चालत नाही. शिकार तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदच आहे. अमेरिकेतल्या वाचकांसाठी: स्वतःपुरतं रिलोडिंग करायला फेडरल लायसन्स लागत नाही, धंदा म्हणून विकायला लागतं. पण एच-वनसारख्या व्हिसावर असाल तर वैध हंटिंग लायसन्स किंवा कायद्यातली दुसरी सूट असल्याशिवाय बंदूक काय, काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. त्यामुळे आधी ते बघा, मग प्रेस घ्या.

प्रश्न: डायमध्ये केस अडकली, रॅम (प्रेसचा वरखाली होणारा दांडा) खाली ओढला तर बुडाची कडाच उखडली! आता डाय फेकायची का?

उत्तर: अजिबात नाही. ल्यूब (वंगण) कमी पडलंय, बाकी काही नाही. स्टक केस रिमूव्हर किट मिळतं, डिकॅपिंग रॉड (डायमधली जुना प्राइमर काढणारी सळई) जमेल तेवढा वर घ्या, केसच्या बुडात ड्रिल करा, आटे पाडा आणि किटमधला स्क्रू लावून हळूहळू घट्ट करत ओढून काढा. नंतर डायमधला पितळेचा चुरा नीट पुसून काढा, नाहीतर पुढच्या प्रत्येक केसवर ओरखडे येतील. पुढच्या वेळी वॅक्स बोटावर घेऊन केसच्या अंगाला, विशेषतः खालच्या भागाला, पातळ थर लावा आणि नेकच्या आत अगदी थोडं. शोल्डरवर मात्र लावू नका, तिथे ल्यूब साठलं की खड्डे पडतात.